खालची ओल

आमच्या जिल्ह्याचं नाव डिंकावरून पडलं, असं सांगतात. गोंड लोक जंगलातून डिंक आणि लाख आणून विकायचे, डिंकाला हिंदीत गोंद म्हणतात, म्हणून गाव गोंदिया. कुणी म्हणतं, तसं नाही, नाव थेट गोंडांवरूनच आलं. मी त्या वादात पडत नाही. पण ज्या जिल्ह्याच्या नावातच चिकटपणा आहे, तिथल्या एका निवृत्त मास्तराला जमिनीवर दीड फूट रबर धड चिकटवता येऊ नये, ही गोष्ट मला अजून लागते. मनाला लागते. रबराला काही लागलं नाही, तेच तर दुखणं आहे.

झालं असं की माझ्या भाच्यानं कोहमाऱ्याला व्यायामशाळा काढायचं ठरवलं. कोहमारा हे गाव आहे, पण बाहेरच्या माणसाला तो नुसता चौक वाटतो. मुंबई-कोलकाता म्हणून ओळखला जाणारा महामार्ग इथून जातो. कागदावर त्याचा नंबर आता 53 झाला, तरी आमचे लोक त्याला सहा नंबरच म्हणतात. गोंदियाकडून येणारा रस्ता त्याला छेदून खाली नवेगावबांध आणि अर्जुनी मोरगावकडे उतरतो. शेजारीच असलेल्या आमच्या तालुक्याच्या गावानं तर सडक आपल्या नावातच घालून घेतली आहे, सडक अर्जुनी. अशा ठिकाणी माणूस बहुतेक वेळा कुठून तरी आलेला असतो आणि कुठे तरी जाणाऱ्या गाडीची वाट पाहत असतो. वाट पाहणं ही आमच्या चौकाची मूळ विद्या. पुढे तिचीच परीक्षा झाली.

पहाटे पाचला बाहेर पडलं की रस्त्याच्या कडेनं पोरं पळताना दिसतात. पोलीस भरतीला 1600 मीटर धावावं लागतं, 100 मीटर वेगळं, आणि गोळाफेक. पळायला महामार्ग फुकट मिळतो, पण दंड-खांदे कमवायला जागा नाही, म्हणून भाच्यानं धानाचं एक जुनं गोदाम भाड्यानं घेतलं. 20 फूट रुंद, 24 फूट लांब, वर पत्रे, खाली सिमेंटचा कोबा. त्या कोब्यावर लोखंड आपटलं तर कोबा फुटेल आणि शेजारी भांडायला येईल, म्हणून रबर. आमच्याकडे मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. ज्याच्या पाया पडलो त्याला ‘हे काय खूळ काढलंस’ असं म्हणता येत नाही. मी म्हटलं, "माझ्यासारखं काही काम असलं तर सांग." तो म्हणाला, "मामाजी, तुमी फक्त बसा. काई करू नका." या वाक्याकडे मी नीट लक्ष द्यायला हवं होतं.

रबराचे पाच गुंडे ट्रकनं आले. एकेक चार फूट रुंद, पंचवीस फूट लांब, आठ मिलिमीटर जाड, काळ्या रंगात निळे ठिपके. एका गुंड्याचं वजन नव्वद किलोच्या आसपास, म्हणजे धानाच्या दोन कट्ट्यांहून जास्त. ते उतरवायला जी पोरं आली त्यांची त्या दिवसाची कसरत तिथेच झाली. हे रबर जुन्या टायरांचा चुरा दाबून करतात, असं कळल्यावर मला गंमत वाटली. यातलं एखादं टायर कधीतरी आमच्याच चौकातून रायपूरकडे धडधडत गेलं असेल. आता ते परत आलं होतं, कायमचं बसायला.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून कारागीर आला. पंचविशीच्या आतला, हडकुळा, कमी बोलणारा. मला वाटलं, हा आता डबा उघडेल, गोंद ओतेल आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाईल. त्यानं गुंड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून छोटी हातोडी काढली आणि उकिडवा बसून कोबा ठोकत सुटला. टक, टक, टक, ठब. जिथे ठब वाजलं तिथे खडूनं गोल काढला. बाजारात मडकं घेताना आई असंच करायची. कुंभारानं कितीही शपथा घेतल्या तरी ती बोटाच्या गाठीनं मडक्यालाच विचारायची. मडकं खोटं बोलत नाही आणि कोबाही बोलत नाही, एवढा धडा मी घेतला.

मग त्यानं दीड फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा कोब्यावर पसरला, चारी कडा चिकटपट्टीनं बंद केल्या आणि हात झटकले.

"आता?" मी विचारलं.

"आता उद्या, सर."

किमान सोळा तास तो तुकडा तसाच ठेवायचा असतो. रात्रभर मला राहून राहून त्या प्लॅस्टिकचीच आठवण येत होती. सकाळी जाऊन पाहिलं तर त्याच्या पोटाशी दवासारखे थेंब जमले होते आणि खालचा कोबा काळपट पडला होता. वरून हा कोबा खडखडीत कोरडा. झाडू मारला की धूळ उडायची. इतकी वर्षं धानाचे कट्टे लाकडी फळ्यांवर रचले जात, त्यामुळे खाली काय चाललंय हे कुणाला कळलंच नव्हतं.

"सर, जमीन ओली हाये," तो म्हणाला. डॉक्टर रिपोर्ट वाचतो तसा.

मी त्याला सांगितलं की बाबा रे, हा तलावांचा मुलूख आहे. वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि पडलेला पाऊस अडवून ठेवण्यात आमच्या पूर्वजांचा हात कुणी धरला नाही. इथून खाली गेलं की नवेगावबांधचा तलाव. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असं सांगतात. कोहळी म्हणजे तलाव बांधणारी जात. मातीची पाळ घालून ज्यांनी डोंगरातलं पाणी थांबवलं, त्यांच्या मुलखात जमीन कोरडी कशी सापडेल? तो म्हणाला, "तलाव बरोबर हाये सर. पण त्यायले पानी थांबवाचं होतं, आपल्याले थांबवाचं नाई." थोडं थांबून म्हणाला, "म्हंजे आपल्यालेबी थांबवाचंच हाये, पण खालून."

कोबा दगडासारखा दिसतो, पण त्याच्या अंगात केसाहून बारीक छिद्रं असतात. कोबा घालताना मुरुमावर प्लॅस्टिक अंथरलं नसेल, तर जमिनीतली ओल त्या छिद्रांतून वर चढत राहते. उघड्या कोब्यावर ती येते तशी हवेत उडून जाते, म्हणून दिसत नाही. त्यावर रबराचं झाकण घातलं की तिची वाट बंद होते. ती तिथेच साचते आणि सिमेंटमधला क्षार बरोबर आणते. भिंतीला लोणा लागतो तो हाच. क्षार गोंद खातो, गोंद सुटतो आणि रबराला फुगे येतात. मग लोक म्हणतात, गोंद खराब निघाला.

मला आमची जुनी सपरी, म्हणजे ओसरी, आठवली. तिथली जमीन मातीची होती. वर्षातून एकदा नवी माती घालून ती चोपणीनं चोपायची आणि दर आठ-पंधरा दिवसांनी शेणानं सारवायची. पावसाळ्यात ओल आली की जमीन थोडी गार लागायची, ऊन पडलं की वाळायची. ओल यायची आणि जायची, कुणी तिला अडवत नव्हतं, म्हणून तिनं कधी काही उखडलं नाही. त्या जमिनीची एकच अट होती, रोज थोडं लक्ष द्या. आम्हाला ती अट जड झाली. आधी शहाबादी आणली, मग सिमेंट, मग गुळगुळीत टाइल्स. एकदाच खर्च करू आणि मग जन्मभर जमिनीकडे पाहायला नको, हीच त्यामागची इच्छा. पण जिच्याकडे जन्मभर पाहायचं नाही, तिच्याकडे आधी आठ दिवस डोळे फाडून पाहावं लागतं, हे मला या पोरानं शिकवलं.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

गोंद लावण्याआधी जमीन सपाट हवी. दहा फुटांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त खालीवर चालत नाही. कारागीर म्हणाला, उद्या लांब पट्टी लावून पाहू. संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी हा विषय काढला. एक जुना कास्तकार तिथे बसला होता. तो हसला. "मास्तर, पट्टी काहून पायजे गा? बांधीत पानी सोडलं का उंच-खोल आपोआप दिसते." अगदी खरं. रोवण्याआधी चिखलणी करतात तेव्हा बांधीतलं, म्हणजे धानाच्या खाचरातलं, पाणीच सांगतं, कुठे माती ओढायची आणि कुठे भरायची. हजारो वर्षांची विद्या. मी उठलो, गोदामाची किल्ली घेतली आणि सहा बादल्या पाणी कोब्यावर ओतलं. जिथे जिथे डबकी साचली त्यांच्या कडेनं खडूनं रेघा ओढल्या. खिडकीजवळ एक, दाराशी दोन, मधोमध एक मोठं, नवेगावबांधच्या आकाराचं. घरी येऊन शांत झोपलो.

सकाळी कारागीर दारात उभा होता. आत गेला नव्हता. त्यानं आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "सर, काल प्लॅस्टिकखाली दिसलं थे पानी कमी पडलं का?"

भाचा दुसरीकडे पाहत होता. मी मामा नसतो तर काय बोलला असता, ते त्याच्या मानेवर दिसत होतं.

मात्र एक सांगतो. कोबा वाळल्यावर त्यानं दहा फुटांची ॲल्युमिनियमची पट्टी सगळीकडे फिरवली. पट्टीखाली एकावर एक ठेवलेली एक रुपयाची दोन नाणी सरकतात का, हे तो पाहत होता. दोन नाण्यांची जाडी जवळजवळ तीन मिलिमीटर भरते. ती जिथे जिथे आरपार गेली, तिथे तिथे माझी खडूची रेघ होती. "खुना बराबर हायेत," तो म्हणाला. निवृत्तीनंतर मला मिळालेलं हे पहिलं प्रमाणपत्र.

उद्घाटनाला धरलेला दसऱ्याचा मुहूर्त अर्थात हुकला. माझं पाणी वाळायला चार दिवस गेले. मग त्यानं यंत्रानं कोबा घासला. कोबा ओतल्यावर वर सिमेंटची एक पातळ साय येते. ती दिसते घट्ट, पण असते भुसभुशीत. तिच्यावर काहीही चिकटवलं तर ते सायीलाच चिकटतं, आणि साय एक दिवस त्याला घेऊन उठते. ट्रॅक्टर उभा करायच्या जागेवर तेलाचा डाग होता, तोही खरवडून काढला. धुळीनं आम्ही सगळे पांढरे झालो. पोकळ जागा फोडून भरल्या, भेगा बुजवल्या. मग दोन डब्यांतलं एपॉक्सी कालवून सगळ्या जमिनीवर त्याचा हात दिला. खालच्या ओलीला ‘इथवरच’ म्हणून सांगणारा पडदा तो हाच. त्यावर बारीक वाळू भुरभुरली, म्हणजे पुढच्या थराला पाय रोवायला जागा मिळते. तो सुकल्यावर धिरड्याच्या पिठाइतकं पातळ मिश्रण ओतलं. ते आपलं आपण वाहत गेलं, खिडकीजवळचं डबकं भरलं, दाराजवळची दोन भरली, नवेगावबांध भरला आणि सपाट होऊन थांबलं. टपरीवरचा कास्तकार पाहायला आला होता. तो म्हणाला, "मी का सांगत होतो?"

यात कोजागिरी गेली. रोज कोणीतरी डोकावून विचारायचं, काय झालं काम? आणि रोज एकच उत्तर, सुकून राहिलं. मला चौकातल्या लोकांचं नवल वाटत नाही, गाडी दोन तास उशिरा आली तरी ते शांत बसतात. पण जमीन सुकायची वाट पाहायला आम्ही कुणी शिकलो नव्हतो. गाडी येताना दिसते तरी, सुकणं कोणत्या बाजूनं येतं तेसुद्धा दिसत नाही.

शेवटी गुंडे उलगडले. तेही लगेच चिकटवायचे नसतात. गुंडाळून राहायची सवय लागलेली असते. आदल्या दिवशी पसरून ठेवायचे, खोलीची हवा अंगाला लागू द्यायची, म्हणजे ते सैल होतात. लांबच्या प्रवासाहून आलेल्या पाहुण्याला आपण लगेच पंगतीला बसवत नाही, तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोंदाचा डबा उघडला. लहानपणी आम्ही पाकिटं भाताच्या शितानं चिकटवायचो. धानाच्या मुलखात दुसरं काय असणार? सुताराकडे सरस असायचा, पोस्टात लाख. हा गोंद त्यांच्यातला कुणीच नव्हता. मधासारखा दाट, पॉलियुरेथेनचा. आणि त्याची तऱ्हा अशी की तो घट्ट होतो हवेतल्या ओलाव्यानं. मी तीनदा विचारून खात्री करून घेतली. ज्या ओलीला रोखायला आम्ही दोन सण घालवले, तीच ओल वरून थोडी मिळाली नाही तर हा गोंद धरतच नाही. वरची ओल चालते, खालची चालत नाही. माणसांतही असतंच हे. डोळ्यांत येऊन गेलेलं पाणी नातं घट्ट करतं, वर्षानुवर्षं आत मुरलेलं सोडवतं.

हे मी मोठ्यानं म्हणालो, तेव्हा कारागिरानं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि हातात दातेरी थापी दिली. "एक कोपरा तुमी करा, सर." खिडकीखालचा. मी गुडघे टेकले. थापी फिरवायला लागलो आणि माझा हात आपोआप अर्धगोल फिरू लागला, डावीकडून उजवीकडे, प्रत्येक कमान आधीच्या कमानीवर थोडी चढलेली. आई सपरी सारवताना उमटायच्या त्याच कमानी. दात्यांमुळे गोंदात बारीक रेघा पडत होत्या, शेणात बोटांच्या पडायच्या तशा. साठ वर्षांपूर्वीचा हात माझ्या हातात होता. आणि अशा वेळी माणसानं गप्प राहायचं असतं.

पण मास्तर तो मास्तर. मला जवस आठवला. मी म्हटलं, पोरांनो, रबराच्याही आधी साहेब लोकांच्या घरात लिनोलियम असायचं, आणि ते कशाचं होतं ठाऊक आहे? आपल्या जवसाच्या तेलाचं! धान उभा असतानाच बांधीत उतेरा टाकतो ना, लाखोळी आणि जवस, तोच जवस. फ्रेडरिक वॉल्टन नावाचा इंग्रज, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली गोष्ट. रंगाचा डबा उघडा राहिला होता आणि जवसाच्या तेलावर रबरासारखी साय धरली होती. लोकांनी साय काढून फेकली असती. यानं तिच्यावर विचार केला आणि त्यातून घराघरांत जमीन झाली. मग मी कुस्तीवर गेलो. ताक, तेल, हळद घालून मऊ केलेल्या तांबड्या मातीत तयार झालेले आपले खाशाबा जाधव 1948 ला लंडनला गेले, तिथे मातीऐवजी मॅट. सहावे आले. मॅट शिकले आणि 1952 ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. पायाखालची जमीन बदलली तर माणसाला पुन्हा शिकावं लागतं, पण शिकता येतं...

"सर," कारागीर म्हणाला, "बोट लावून पाहा."

मी खिडकीखालच्या गोंदाला बोट लावलं. बोटाला गोंद यायला हवा होता. बोट कोरडं आलं. मी जवसाच्या तेलावरची साय सांगत होतो तेवढ्या अर्ध्या तासात आमच्या गोंदावर साय धरली होती.

खरं म्हणजे तेवढा तुकडा खरवडून नव्यानं लावायला हवा होता. पण गोंद मोजका आणला होता आणि उरलेल्या जमिनीवर पसरलेला गोंदही वाट पाहत नव्हता. कारागिरानं रबर टाकलं, कडा जुळवल्या, वरून पंचेचाळीस किलोचा लोखंडी रूळ आधी आडवा आणि मग उभा फिरवला, आणि एक दिवस कुणी पाय ठेवायचा नाही म्हणून दाराला कुलूप लावलं. जाताना मला म्हणाला, "तुमचा हात चांगला हाये, सर." हाताचंच कौतुक केलं, तोंडाबद्दल काही बोलला नाही. त्या हातावरचा गोंद साबणानं, रॉकेलनं, चिंचेनं, कशानंच निघाला नाही. तिथे मात्र तो आठवडाभर पक्का चिकटून होता.

तुळशीच्या लग्नाच्या आधी व्यायामशाळा सुरू झाली. तुम्हीही कुठे रबर, टाइल, लाकूड काहीही बसवणार असाल, तर कारागिराच्याही आधी दीड फूट प्लॅस्टिक आणा, चारी कडा बंद करा आणि एक रात्र वाट पाहा. खर्च जवळजवळ शून्य, आणि जमीन त्या रात्रीत सगळं सांगून टाकते. आणि गोंद पसरल्यावर गोष्टी सांगू नका.

आमच्या त्या गोदामाला त्यानंतर एक पावसाळा येऊन गेला. 480 चौरस फुटांत कुठे फुगा नाही. खिडकीखाली दीड फूट जागा तेवढी पाय दिला की ठब वाजते. पोरं तिथे वजनं ठेवत नाहीत. ती जागा त्यांनी बसून गप्पा मारायला ठेवली आहे.